मागून सांगणारा

माझ्या वडिलांनी एकच नाटक एकोणीस वर्षं ऐकलं आणि एकदाही पाहिलं नाही. हे वाक्य माझं नाही, त्यांचंच आहे, आणि त्याच वाक्यानं आम्हाला यवतमाळच्या नाट्यगृहाचे दोन पास मिळवून दिले. पुढं जे झालं ते मात्र माझ्यामुळं झालं.

घाटंजीपासून आठ-दहा किलोमीटरवर आमचं गाव. कापसाचा पहिला वेचा घरात आला की गावात नाटक बसायचं. दरवर्षी तेच. दुसरं कोणी पाठ करायला तयार नव्हतं आणि त्यातली पदं पेटीवाल्याच्या बोटांत बसली होती, म्हणून तेच. नाटक संगीत, जुन्या वळणाचं. एका व्यापाऱ्याचा मुलगा बारा वर्षांनी घरी परततो, त्याला कोणीच ओळखत नाही, भाऊ हाकलून देतात, आणि शेवटच्या प्रवेशात आई ओळखते. एवढीच गोष्ट. पण पदं वीस-बावीस होती आणि गाव त्यांवर जीव टाकायचं.

बाबा सातवी शिकलेले. अक्षर चांगलं, आवाज खालच्या पट्टीतला, म्हणून नाटकाची वही त्यांच्याकडं आली. शहरात ज्याला प्रॉम्प्टर म्हणतात त्याला आमच्याकडं मागून सांगणारा म्हणत. लाकडी तखतपोस, म्हणजे बसायचे चौरंगी पलंग, जोडून रंगमंच व्हायचा आणि बाजूला पडदा म्हणून कोणाची तरी सतरंजी टांगायचे. ती खाली पुरायची नाही, वीतभर जागा मोकळी राहायची. बाबा सतरंजीच्या अलीकडं तेलाच्या डब्यावर बसायचे, मांडीवर वही. त्या वीतभर फटीतून त्यांना नटांचे फक्त पाय दिसायचे.

"विसरलेला माणूस पायानं सांगते," ते म्हणायचे. "तोंड झाकता येते, पाय झाकता येत नाही. अंगठा हालला का समजाचं, गडी अडकला."

मग पहिला शब्द द्यायचा. एकच. "सारं वाक्य देल्लं तर थो तुह्या भरवशावर राह्यते. अन् आवाज त्याले गेला पायजे, लोकायले नाही." लहानपणी मी हे इतक्या वेळा ऐकलं की मला ते पाढ्यांबरोबरच पाठ झालं. नट नुसता थांबला असेल आणि अंगठा स्थिर असेल, तर बाबा तोंड उघडायचे नाहीत. एकोणीस वर्षांत आपण एकदाही चुकीच्या जागी शब्द दिला नाही, असं ते सांगायचे. कोणी त्यांना खोटं पाडल्याचं मी ऐकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना सलत राहिली. आई मुलाला ओळखते त्या जागी वहीत एकही शब्द नव्हता. नुसतं कंसात लिहिलं होतं, 'आई ओळखते', आणि खाली पद सुरू. सांगायला काही नाही, म्हणून बाबा तिथं वही मिटून बसायचे. तालमीत ती जागा गाळून थेट पद धरायचे, आणि प्रयोगात डबा सोडून उठलं तर पुढच्या पदाचा शब्द कोण देणार? समोर शांतता व्हायची, मग लोकांच्या रडण्याचा आवाज यायचा. पुरुषसुद्धा रडायचे. आईचं काम गावातला सायकल दुरुस्त करणारा करायचा, नाजूक अंगाचा मुसलमान माणूस. बाबांनी त्याला एकदा विचारलं, "तू तिथं करतं तरी काय बे?" तो म्हणाला, "मालूम नहीं भाऊ. हो जाता है."

तो वारला, पेटीवाला वारला, गावात मोबाइल आले आणि नाटक बंद पडलं. माझी आई गेल्यावर बाबांना मी घाटंजीला माझ्याकडं आणलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. नवऱ्याची नोकरी उमरखेडला, तो पंधरवड्यातून एकदा येतो. म्हणजे घरात आम्ही दोघंच, बाप आणि लेक. दोघांचेही स्वभाव तापट, पण ते गप्प बसून तापायचे आणि मी बोलून.

तीन वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. आधी चहात दोनदा साखर. मग आठवडी बाजारातून दुसऱ्याचीच पिशवी घेऊन घरी आले, आणि त्यातली वांगी पाहून मलाच म्हणाले, "एवढे वांगे कायले आणले व?" आम्ही हसलो. मग एक दिवस ते चौकात उभे राहून घर कुठल्या बाजूला आहे ते विचारत होते, आणि त्या दिवशी हसू आलं नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हे वाढत जाईल, आज आहे ते उद्या असेलच असं नाही.

त्याच हिवाळ्यात पेपरात जाहिरात आली. मोठ्या शहरातली एक नाटक कंपनी जुनं संगीत नाटक नव्यानं घेऊन यवतमाळला येणार होती. खाली नाव वाचून मी बाबांना हाक मारली. तेच नाटक. बाबांनी पेपर हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"तिथं बाई करन का आईचं काम?"

"बाईच करेल की, बाबा."

"मंग पाहाच लागते," ते म्हणाले. "सारं जायच्या आंधी थे एक पाहून घेतो. आई काय करते थे."

तिकिटं जाहिरात येईपर्यंतच संपत आली होती. उरलेली मागच्या भिंतीला टेकलेली, तिथून बाबांना चेहरा दिसला नसता. पण पेपरवाल्यांनी एक योजना काढली होती. पाच दिवस पाच कूपनं छापून येणार, ती फॉर्मवर चिकटवायची, 'मला हे नाटक का पाहायचे आहे' ते एका वाक्यात लिहायचं आणि फॉर्म पेपरच्या एजंटच्या दुकानातल्या डब्यात टाकायचा. चिठ्ठी निघाली की तिसऱ्या रांगेचे दोन पास.

मी वेडी झाले. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांच्या घरचे पेपर मागवले, किराणा दुकानातून रद्दी उचलली, तीन नंबरचं कूपन पोह्यांच्या पुडीवरून सोडवलं. नऊ फॉर्म झाले. आठांवर मी माझ्या वळणदार अक्षरात 'मराठी रंगभूमीच्या समृद्ध परंपरेचा अनुभव घेण्यासाठी' वगैरे लिहिलं. नववा बाबांनी ओढून घेतला आणि स्वतः लिहिला, 'म्या हे नाटक एकोणीस वर्स आयकलं. पाह्यलं नाही.' मी म्हटलं, बाबा, शुद्ध लिहिते मी. ते म्हणाले, राहू दे.

बाजाराच्या दिवशी एजंटनं डबा दुकानाबाहेर आणला आणि भाजी घ्यायला आलेल्या एका बाईला चिठ्ठ्या काढायला लावल्या. तिसरी चिठ्ठी बाबांची निघाली. एजंटनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. बाजारातले दोन-चार म्हातारे मान हलवून हसले, आणि मला आनंद झाला खरा, पण मी मनात म्हटलं, निदान 'पाहिले' तरी लिहायला हवं होतं.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग होता. बाबांनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि कापडी पिशवीत वही घेतली. वही कशाला, म्हटलं तर म्हणाले, "असू दे. सवय हाये." बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि यवतमाळ येईपर्यंत एकही गोष्ट दोनदा विचारली नाही. खूप महिन्यांनी ते मला पूर्ण जागे वाटले.

तिसऱ्या रांगेत बसल्यावर मी मागंपुढं पाहिलं. माझ्या बरोब्बर पुढं आमच्या शिक्षण खात्यातले एक साहेब सहकुटुंब बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. पदर सारखा करून मी ताठ बसले, आणि त्यानंतर अर्धं लक्ष माझं त्यांच्या पाठीकडंच होतं. हे कबूल करायला हवं.

घंटा झाली, पडदा वर गेला. ऑर्गनचा सूर लागला तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. ते चेहरे पाहत होते. भावाचा चेहरा, नोकराचा, आईचा. प्रत्येक नवा नट आला की ते पुढं सरकायचे, जणू नाव ऐकून असलेला माणूस पहिल्यांदा भेटत होता. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. पदाला टाळ्या पडल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते पुसायचेसुद्धा नाहीत. मीही विरघळले होते. गळ्यातून निघालेला सूर थेट येऊन अंगावर पडतो, मध्ये काहीच नसतं, हे मी टीव्हीसमोर बसून विसरलेच होते.

पहिल्या अंकाच्या शेवटाला मुलगा घराच्या दारात उभा राहतो आणि मोठं भाषण करतो. नट चांगला होता. दार, उंबरा, तुळस, सगळ्यांकडं पाहत बोलत होता. मध्येच तो थांबला. सभागृह शांत झालं. मला वाटलं, काय सुंदर थांबला. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "बारा."

फार मोठा नव्हता तो. खालच्या पट्टीतला, सरळ जाणारा. पण त्या शांततेत आसपासच्या रांगांना ऐकू गेला. कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांच्या बायकोनं वळून पाहिलं. आणि मी, माझं तोंड माझ्या ताब्यात यायच्या आत, म्हणून गेले, "बाबा! चूप! एकदम चूप!"

तो आवाज मी वर्गात वापरते. तो शेवटच्या बाकापर्यंत जातो. रंगमंचावरचा नट "बारा पावसाळे या उंबऱ्यानं माझ्यावाचून काढले" म्हणत पुढं निघालासुद्धा होता, आणि सगळं सभागृह त्याच्याकडं नाही, माझ्याकडं पाहत होतं.

बाबांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. माझी पहिलीतली पोरं ठेवतात तसं. पडदा पडेपर्यंत ते बोट तिथंच होतं.

मध्यंतरात मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. साहेबांच्या समोर दुसऱ्या अंकाला पुन्हा बसायचं, पुन्हा यांनी काही बोलायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

"दुसरा अंक ऱ्हायला ना व," बाबा म्हणाले.

"शेवटची बस निघून जाईल, बाबा."

बस साडेसातला होती आणि साडेआठलाही. मला माहीत होतं. स्टँडवर फलाटावर उभे असताना बाबा वेळापत्रकाच्या पाटीकडं पाहत होते. मग माझ्याकडं न पाहता, अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाले, "साडेसात. साडेआठ." घाटंजीची गाडी लागली, आम्ही चढलो, आणि वही त्यांच्या मांडीवर तशीच पिशवीत राहिली.

चार दिवसांनी बाजारात एजंटनं मला हाक मारली. "मॅडम, मधातच काहून निघून गेल्या तुम्ही? थो नट नाटक संपल्यावर म्हाताऱ्याले शोधून राह्यलता. म्हणे तिसऱ्या रांगेतल्या बाबाजींनं शब्द देल्ला म्हणून वाचलो, कोरा झालतो म्हणे. पाया पडाचं होतं त्याले."

मी भाजी न घेताच घरी आले. बाबा ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला कसं कळलं हो, तो विसरला म्हणून?"

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. "अंगठा हालला ना त्याचा," ते म्हणाले. मग विचारलं, "कोण्या दिवशी?"

मला रडू आलं, पण त्यानं काय होणार होतं? एकोणीस वर्षांत न चुकलेला माणूस विसाव्या वेळीही चुकला नव्हता. ज्या एका जागेसाठी त्यांनी सगळी धडपड केली होती, तिथून एका अंकावर मी त्यांना उठवून आणलं होतं, आणि तेही एका साहेबाच्या बायकोनं वळून पाहिलं म्हणून. तो साहेब मला नंतर शाळेत भेटला तेव्हा त्याला काहीच आठवत नव्हतं.

कंपनी पुन्हा यवतमाळला आली नाही. बाबांना लांब नेण्यासारखी तब्येत उरली नव्हती. दोन महिन्यांनी नागपूरला प्रयोग लागला तेव्हा नवऱ्याला उमरखेडहून बोलावून बाबांजवळ बसवलं आणि मी एकटीच गेले. मिळालं ते मागचं तिकीट काढलं. पहिल्या अंकात तो नट 'बारा' जवळ अडखळला नाही. मी त्याच्या पायांकडं पाहत होते.

शेवटच्या प्रवेशात आई अंगणात सतरंजीवर बसून सुपात तूर पाखडते. मुलगा भिकाऱ्यासारखा दाराशी येऊन उभा राहतो. ती त्याच्याकडं बघते, पुन्हा सुपाकडं बघते. हात थांबतात. मला वाटलं, आता धावत जाईल, किंचाळेल. तसं काहीच झालं नाही. तिनं सूप खाली ठेवलं, आणि मान वर न करता जरा बाजूला सरकली. सतरंजीवर एका माणसापुरती जागा झाली. मुलगा येऊन तिथं बसला. मग पद सुरू झालं. माझ्या आजूबाजूला लोक रडत होते आणि मीही.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. नुसतं सांगून भागेना म्हणून स्वयंपाकघरातून सूप आणलं, त्यांच्या खाटेसमोर सतरंजी अंथरली आणि करून दाखवलं. पाखडणं, थांबणं, सरकणं. नवरा दारात उभा राहून पाहत होता. बाबांनी मनगटावर मनगट ठेवून सगळं पाहिलं.

"बस? एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच, बाबा."

त्यांनी बोटानं सूप दाखवलं. मग म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. पुढचे काही दिवस रोज एकदा करायला लावायचे, मग आठवड्यातून एकदा, मग विसरले. मी केलं ते कितपत बरोबर होतं, देव जाणे. मी काही नटी नाही. समोरून पाहिलेल्या नाटकाऐवजी त्यांच्या वाट्याला माझी नक्कल आली, हे मला अजूनही बोचतं.

नंतर ते भराभर खाली गेले. वहीतली पानं मी वाचून दाखवायची, पहिला शब्द दिला की ते पुढचं वाक्य पुरं करायचे. मग अर्धं करायचे. मग नुसते हसायचे. भेटायला येणारे नातेवाईक खाटेशी वाकून विचारायचे, "सांगा बरं, मी कोण?" मला त्याचा राग यायचा, तरी मीही ते दोन-तीनदा विचारलंच. पोरांना पाढे विचारते त्याच आवाजात.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी शाळेतून आले. बाबांजवळ बसणाऱ्या शेजारच्या काकू निघून गेल्या. बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अनोळखी पाहुण्याकडं पाहून हसावं तसे हसले. चेहऱ्यावरून मला काही समजलं नसतं. पण चादरीतून उजवा पाय बाहेर आला होता, आणि त्याचा अंगठा हलत होता.

मी दारातच थांबले. पर्स खांद्यावरच होती. पहिला शब्द माझ्या ओठांवर आला होता, 'लेक'. नुसता तेवढाच दिला असता, हळू, त्यांना जाईल एवढ्या आवाजात, तर कदाचित पुढचं त्यांनी पुरं केलं असतं. पण मी एकदा त्यांच्यावर ओरडून त्यांचा शब्द बंद केला होता. आता मागून सांगायचा अधिकार मला आहे असं मला वाटेना. मी तशीच उभी राहिले.

बाबांनी चादर ओढून सारखी केली. माझ्याकडं न पाहता ते भिंतीच्या बाजूला जरासे सरकले, आणि खाटेवर माझ्यापुरती जागा झाली.